बायोफिल्म आणि हिमोलिसिस: आयसोलेट किती उग्र आहे हे ९६ वेलच्या प्लेटवर किती कळते?

प्रश्न थोडक्यात असा. रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळे करून वाढवलेले स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे काही आयसोलेट्स आहेत. त्यांतले कोणते जास्त उग्र हे ठरवण्यासाठी क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा थर, मोजली आणि रक्तपेशी फोडण्याची क्षमता (हिमोलिसिस) तपासली. बायोफिल्मचे आकडे प्लेटगणिक बदलतात आणि दोन्ही चाचण्यांचा क्रम जुळत नाही. एका चाचणीत वर असलेला आयसोलेट दुसरीत तळाला जातो. चूक कुठे होते आहे?

पहिल्या भागात हाताची चूक असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती सुधारता येते. दुसऱ्या भागात बहुधा चूक नाहीच. स्टॅफिलोकॉकसकडून तेच अपेक्षित आहे. रोगकारक क्षमता हा जंतूच्या अंगी असलेला एखादा स्थिर आकडा नाही. प्रत्येक चाचणी एका परिस्थितीत एकच गुण मोजते, आणि तोही शेजारच्या कंट्रोलच्या तुलनेत.

आधी कल्चर. रुग्णाकडून आलेला आयसोलेट शुद्ध झाला की लगेच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाला तिथूनच नवीन प्लेट काढा. फ्रिजमधल्या स्लँटवरून आठवडेच्या आठवडे पुढे नेलेले कल्चर वापरू नका. ऑरियसमध्ये एजीआर ही नियंत्रण यंत्रणा प्रयोगशाळेत वारंवार वाढवताना बिघडते. ती बंद पडलेल्या पेशींना विषद्रव्ये बनवण्याचा खर्च नसतो, म्हणून ब्रॉथमध्ये त्या हळूहळू वरचढ होतात. मग तुम्ही रुग्णाचा जंतू मोजत नसता, तुमच्या फ्रिजमध्ये तयार झालेला जंतू मोजत असता. ब्लड अगारवर एकाच कल्चरच्या काही वसाहतींभोवती रक्तपेशी फुटल्याचे वलय आहे आणि काहींभोवती नाही असे दिसले, तर तिथेच थांबा आणि दोन्ही वेगळ्या जपा.

आता बायोफिल्मची प्लेट. ही पद्धत क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडली. पुढे स्टेपानोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिच्यात सुधारणा केल्या आणि २००७ मध्ये स्टॅफिलोकॉकससाठी तपशीलवार शिफारशी दिल्या. माध्यम ट्रिप्टिक सोय ब्रॉथ, त्यात १ टक्का जादा ग्लुकोज. या ब्रॉथमध्ये मुळातच लिटरला २.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एकूण १२.५ ग्रॅम होते. प्रबंधात नुसते 'ग्लुकोज घातलेला ब्रॉथ' असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ग्लुकोजचे तीव्र द्रावण वेगळे गाळून निर्जंतुक करा आणि ब्रॉथ थंड झाल्यावर मिसळा. ब्रॉथबरोबर ऑटोक्लेव्ह केल्यास ते तपकिरी होते आणि दर बॅचला माध्यम थोडे वेगळे निघते. आकडे बॅचगणिक हलत असतील तर हे कारण आधी तपासा.

प्लेट सपाट तळाची, पॉलिस्टायरीनची, टिश्यू कल्चरसाठी प्रक्रिया केलेली हवी. प्रक्रिया न केलेली प्लेटही पॉलिस्टायरीनचीच असते, पण तिचा पृष्ठभाग जास्त जलविरोधी असतो आणि जंतू तिला वेगळ्या प्रकारे चिकटतात. संपूर्ण अभ्यास एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या प्लेटवर करा.

ताज्या वसाहतींपासून ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे द्रावण करा. त्यात मिलिलिटरला साधारण १.५ × १०⁸ पेशी असतात. ते ब्रॉथमध्ये १०० पट पातळ करून प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) २०० मायक्रोलिटर घाला, एका आयसोलेटला निदान तीन वेल. गढूळपणा डोळ्यांनी जुळवू नका, डेन्सिटोमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरा. ऑरियसच्या पेशी गुच्छात राहतात, त्यामुळे द्रावण व्हॉर्टेक्सवर नीट हलवले नाही तर तीन वेलमध्ये तीन वेगळे आकडे येणार हे ठरलेलेच.

प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमध्ये नमुना घालू नका. २४ तासांत तिथले पाणी मधल्या वेलपेक्षा जास्त उडते, मीठ आणि ग्लुकोज दाट होते आणि बायोफिल्मचे आकडे सरकतात. त्या वेलमध्ये निर्जंतुक पाणी किंवा ब्रॉथ भरा आणि मधले ६० वापरा. झाकण लावून, ओलसर डब्यात, न हलवता ३७ अंशांवर २४ तास ठेवा. प्लेट्सची चळत करू नका, कारण मधली प्लेट तापायला जास्त वेळ घेते. आयसोलेटची जागाही दर वेळी बदला. तोच आयसोलेट नेहमी डावीकडच्या स्तंभात असेल, तर जागेचा परिणाम त्याच्याच नावावर जमा होतो.

बहुतेक घोळ धुण्यात होतो. प्लेट पालथी करून द्रव एका झटक्यात ट्रेमध्ये टाका. पिपेटने ओढून काढू नका, टोक तळाला लागले की थर खरवडला जातो. मग फॉस्फेट बफर सलाइन, पीएच ७.२, प्रत्येक वेलला ३०० मायक्रोलिटर, तीन वेळा. बफर वेलच्या भिंतीवरून सोडायचा, तळावर धार मारायची नाही. ग्लुकोजमुळे तयार झालेली ऑरियसची बायोफिल्म दिसायला जाड असली तरी पकड सैल असते. ती तुकड्यातुकड्याने सुटते, आणि मग रंगवल्यावर एका वेलमध्ये २.० तर शेजारच्या वेलमध्ये ०.४ असे रीडिंग येते. तीन वेलमध्ये इतकी तफावत दिसली तर सरासरी काढून पुढे जाऊ नका. धुण्याची कृती बदला. बारा टोकांच्या पिपेटपेक्षा प्लेट अख्खी पाण्याच्या टबात अलगद बुडवून उपडी करणे पुष्कळदा जास्त सारखे काम करते, कारण सगळ्या वेलना सारखाच जोर बसतो. स्वयंचलित वॉशर असेल तर सोडण्याचा वेग सर्वांत कमी ठेवा आणि शोषणाच्या सुया तळापासून वर घ्या.

धुतल्यावर थर पक्का करायचा. ६० अंशांवर एक तास, किंवा १५० मायक्रोलिटर मेथॅनॉल २० मिनिटे. काही जण ही पायरी गाळतात. ऑरियससाठी ती गाळू नये असे माझे ठाम मत आहे, कारण रंगानंतरच्या धुण्यात उरलासुरला थरही निघून जातो.

क्रिस्टल व्हायोलेट १५० मायक्रोलिटर, १५ मिनिटे, खोलीच्या तापमानाला. २ टक्क्यांचे हकर द्रावण आणि ०.१ टक्क्याचे साधे जलद्रावण, दोन्ही प्रचलित आहेत. कोणतेही चालेल, पण अभ्यासाच्या मधे बदलू नका. जुन्या बाटलीत रंगाचे कण साकळतात, म्हणून वापरण्यापूर्वी गाळून घ्या. वेलच्या तळाला काळे ठिपके दिसले तर ते जंतू नसून हेच कण असतात. रंगाची उंची वाढलेल्या कल्चरच्या रेषेपेक्षा कमी राहते याकडेही लक्ष हवे. स्यूडोमोनाससारखा जंतू हवा आणि द्रव यांच्या सीमेवर कडे बनवतो. तिथे १५० मायक्रोलिटर रंग कड्याखालीच थांबतो, म्हणून २२५ ते २५० मायक्रोलिटर घ्यावे लागतात.

जादा रंग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, प्लेट कागदावर ठोका आणि उपडी ठेवून पूर्ण वाळवा. मग ९५ टक्के इथेनॉल किंवा ३३ टक्के ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १५० मायक्रोलिटर, ३० मिनिटे, झाकण लावून. झाकण नसेल तर इथेनॉल उडते आणि पहिल्या व शेवटच्या स्तंभात फरक पडतो. प्लेट रीडरवर ५७० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता वाचा. रीडिंग ३ च्या आसपास गेले की बहुतेक रीडर सरळ रेषेत मोजत नाहीत. अशा वेलमधला द्रव त्याच द्रावकात पाच पट पातळ करून नव्या प्लेटमध्ये वाचा आणि पाचाने गुणा. हे न केल्यास सगळे जोरकस आयसोलेट्स एकाच आकड्यापाशी अडकलेले दिसतात.

वर्गीकरणाचे गणित सोपे आहे, फसगतही तिथेच होते. फक्त ब्रॉथ घातलेल्या (निगेटिव्ह) वेलची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने हा उंबरठा. त्याच्या आत म्हणजे बायोफिल्म नाही, दुपटीपर्यंत दुर्बल, चौपटीपर्यंत मध्यम, त्यापुढे जोरकस. समजा या निगेटिव्ह वेलची सरासरी ०.१२ आणि विचलन ०.०१ आहे. उंबरठा ०.१५ येतो, आणि ०.४२ रीडिंगचा आयसोलेट ०.३० ते ०.६० मध्ये पडून मध्यम ठरतो. धुणे ढिसाळ होऊन विचलन ०.०४ झाले की उंबरठा ०.२४ होतो, आणि तोच ०.४२ चा आयसोलेट दुर्बल वर्गात जातो. जंतू तोच, रीडिंग तेच, बदलला फक्त कंट्रोल. प्लेटगणिक बदलणारे निकाल पुष्कळदा इथूनच येतात. म्हणून निगेटिव्ह वेल तीन नकोत, सहा ते आठ ठेवा, आणि प्लेटभर विखरून ठेवा. उंबरठा प्रत्येक प्लेटचा त्याच प्लेटवरून काढा. हे गणित कच्च्या रीडिंगवर लावायचे. काही जण आधी ब्लँक, म्हणजे निगेटिव्ह वेलची सरासरी, वजा करतात आणि मग हेच वर्ग लावतात. तसे केल्यावर उंबरठा ०.०३ वर घसरतो, आयसोलेट ०.३० वर येतो, आणि मध्यम असलेला 'जोरकस' होतो.

जंतूंचे कंट्रोलही प्रत्येक प्लेटवर हवेत. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस एटीसीसी ३५९८४ जोरकस बायोफिल्म बनवतो, तर एटीसीसी १२२२८ बनवत नाही. ही जोडी जगभर वापरली जाते. ऑरियसचा प्रमाण स्ट्रेन घेताना त्याचा इतिहास पाहा. ८३२५ या घराण्यातल्या स्ट्रेन्समध्ये आरएसबीयू जनुकात ११ बेसचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे त्यांचा ताणप्रतिसाद अपुरा असतो. अशा स्ट्रेनशी तुलना केली तर रुग्णांचे आयसोलेट्स उगाच जबरदस्त वाटू शकतात. पॉझिटिव्ह कंट्रोल ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर ती अख्खी प्लेट बाद. त्यातले 'चांगले' स्तंभ वाचवू नका.

काही आयसोलेट्स नुसत्या प्लॅस्टिकवर काहीच बनवत नाहीत, पण शरीरात प्लॅस्टिकवर सुद्धा लगेच प्लाझ्मातील प्रथिनांचा थर बसतो. म्हणून २० टक्के मानवी प्लाझ्मा कार्बोनेट बफरमध्ये मिसळून प्लेट रात्रभर ४ अंशांवर ठेवण्याची पद्धत आहे. यात एक खाच आहे: प्लाझ्माची प्रथिने स्वतःच रंग धरतात. निगेटिव्ह वेलनाही तोच लेप हवा, नाहीतर सगळेच आयसोलेट बायोफिल्म बनवणारे ठरतील.

काँगो रेड अगारवर काळ्या वसाहती पाहून बायोफिल्म ठरवणे एपिडर्मिडिससाठी एक वेळ चालते. १९८९ च्या मूळ कृतीत लिटरला ३७ ग्रॅम ब्रेन हार्ट इन्फ्युजन, ५० ग्रॅम सुक्रोज, १० ग्रॅम अगार आणि ०.८ ग्रॅम काँगो रेड आहे. ऑरियससाठी मी या चाचणीवर निर्णय सोपवणार नाही. निकाल डोळ्यांनी ठरतो, आणि प्लेटच्या निकालाशी त्याचा मेळ बरेचदा बसत नाही. शिवाय चिकट पॉलिसॅकराइड बनवणारी आयसीए जनुके असणे म्हणजे बायोफिल्म पॉलिसॅकराइडचीच असणे नव्हे. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या अनेक ऑरियस आयसोलेट्समध्ये थर मुख्यतः प्रथिने आणि पेशींबाहेर सांडलेल्या डीएनएचा असतो. हे तपासणे अवघड नाही. तयार बायोफिल्म धुऊन तीन वेगळ्या वेलगटांत सोडियम मेटापिरिओडेट १० मिलिमोलर, प्रोटिनेज के १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि डीएनेज घाला, ३७ अंशांवर दोन तास ठेवा, मग रंगवा. मेटापिरिओडेटने सुटला तर पॉलिसॅकराइडवर उभा थर, प्रोटिनेजने सुटला तर प्रथिनांवर. प्रत्येकाच्या जोडीला फक्त बफरचा वेल ठेवा, कारण नुसत्या बफरनेही थोडा थर सुटतो.

क्रिस्टल व्हायोलेट जिवंत पेशी, मेलेल्या पेशी आणि त्यांच्या भोवतीचा पदार्थ, सगळ्यांनाच रंगवतो. त्यामुळे 'प्रतिजैविकाने बायोफिल्म मेली का' या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. त्यासाठी समांतर प्लेटवर जिवंत पेशींमुळे रंग बदलणारे रेझाझुरिन वापरा किंवा थर सोनिकेशनने सोडवून वसाहती मोजा.

आता हिमोलिसिस. इथे पहिली निवड रक्ताची. अल्फा विषाला सशाच्या पेशी अतिशय संवेदनशील असतात, माणसाच्या बऱ्याच कमी. बीटा विष हे स्फिंगोमायलिनेज आहे, ते मेंढीच्या पेशींवर दिसते, आणि तेही ३७ अंशांनंतर ४ अंशांवर ठेवल्यावर वलय स्पष्ट होते. मेंढीच्या रक्तावर काही दिसले नाही म्हणून 'अल्फा विष नाही' असा निष्कर्ष निघत नाही.

सशाच्या पेशी सलाइनने पुन्हा पुन्हा धुवा, वरचा द्रव रंगहीन येईपर्यंत, आणि २ टक्के द्रावण करा. रात्रभर वाढलेल्या कल्चरचा वरचा द्रव सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. दोन्ही १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. मग हलक्या वेगाने फिरवून वरचा १०० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घ्या आणि ५४० नॅनोमीटरला वाचा. बफरचा वेल शून्य टक्के, ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० चा वेल शंभर टक्के. नमुन्यातून बफर वजा, ट्रायटनमधून बफर वजा, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा. निर्जंतुक ब्रॉथचा वेल विसरू नका. ब्रॉथचा स्वतःचा रंग असतो आणि त्याची क्षारता पेशींना त्रास देऊ शकते. बफरच्या वेलमध्ये लाली दिसत असेल तर पेशी शिळ्या आहेत, त्या टाकून द्या.

न पातळ केलेल्या द्रवात जोरकस आयसोलेट्स सगळेच शंभर टक्के येतात आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही. प्रत्येक वेळी दुप्पट पातळ करत जा आणि अर्ध्या पेशी फुटतात ती पातळी नोंदवा. चाचणीला धार तिथूनच येते.

आता दोन्ही चाचण्यांचे क्रम उलटे का. एजीआर यंत्रणा पेशींची गर्दी वाढल्यावर चालू होते. ती विषद्रव्ये वाढवते आणि पृष्ठभागाला चिकटवणारी प्रथिने कमी करते. शिवाय ती जी प्रोटिएजेस आणि डिटर्जंटसारखी पेप्टाइड्स बनवते, त्यांनी बायोफिल्म सुटते. म्हणजे एजीआर जोमात असलेला आयसोलेट रक्तपेशी फोडतो आणि बायोफिल्ममध्ये मागे पडतो. एजीआर मंद किंवा बंद असलेला आयसोलेट उलट वागतो. त्यात बायोफिल्मच्या माध्यमातले ग्लुकोज आंबून पीएच सहाच्या खाली नेते, आणि आम्लात एजीआर दबते. म्हणजे बायोफिल्मची चाचणी मुळातच विषाची यंत्रणा दाबणाऱ्या परिस्थितीत होते. हिमोलिसिससाठी म्हणूनच जादा ग्लुकोज नसलेला ब्रॉथ, हलते इन्क्युबेटर आणि फ्लास्कच्या एक पंचमांशाहून जास्त नाही इतके माध्यम ठेवा. बायोफिल्मच्या प्लेटमधलाच द्रव हिमोलिसिसला वापरला, तर तुम्ही ग्लुकोजचा परिणाम मोजता, जंतूचा नाही.

यासाठीच दोन्ही गुणांची बेरीज करून 'एकूण उग्रता गुण' काढू नका. रक्तप्रवाहातील तीव्र संसर्गात विष बनवणारा जंतू घातक ठरतो. कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर महिनोन्महिने टिकणाऱ्या संसर्गात एजीआर बंद असलेला, रक्त न फोडणारा आयसोलेटही तितकाच त्रासदायक ठरतो. प्रत्येक आयसोलेट कुठल्या नमुन्यातून आला ही माहिती आकड्यांशेजारी ठेवा, मग उलटा क्रम अर्थपूर्ण दिसू लागेल. एजीआरचा अंदाज घ्यायला सोपी चाचणी आहे: मेंढीच्या ब्लड अगारवर बीटा विष बनवणाऱ्या स्ट्रेनच्या रेषेला काटकोनात, तिला न टेकवता, तुमचा आयसोलेट ओढा. एजीआर चालू असेल तर डेल्टा विषामुळे दोन रेषा जवळ येतात तिथे वलय ठळक होते.

एखादा गुण खरोखर रोगाला कारणीभूत आहे असे म्हणायचे असेल, तर स्टॅनली फॉल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेली रेण्वीय कॉखची गृहीतके लागू होतात. जनुक काढल्यावर क्षमता घटली पाहिजे आणि परत घातल्यावर ती परतली पाहिजे, तेही सजीव नमुन्यात. मेणकिड्याची अळी, गॅलेरिया मेलोनेला, यासाठी सोयीची आहे कारण ती ३७ अंशांवर जगते. पण तिला केवळ जन्मजात प्रतिकारशक्ती असते, आणि नुसते बफर टोचलेल्या गटात अळ्या मरू लागल्या तर तो प्रयोग धरू नये.

एका दिवसाचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वसाहतीपासून, नव्या माध्यमाने केलेले किमान तीन प्रयोग हवेत, आणि सांख्यिकी त्या तीन सरासऱ्यांवर चालवायची. ६० वेलना ६० स्वतंत्र नमुने मानले की नगण्य फरकही लक्षणीय दिसतो. निकाल देताना वर्गाच्या नावाबरोबर रीडिंग, उंबरठा आणि कंट्रोलचे आकडेही द्या.

शेवटी सुरक्षितता. ऑरियसचे काम जैवसुरक्षा पातळी २ वर होते. प्लेट पालथी करताना तुषार उडतात, म्हणून ते काम कॅबिनेटमध्ये, हायपोक्लोराइट असलेल्या ट्रेवर करा. क्रिस्टल व्हायोलेट कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हातमोजे काढू नका. आणि ॲसिटिक ॲसिडने रंग विरघळवलेली प्लेट त्याच हायपोक्लोराइटच्या ट्रेमध्ये कधीही ओतू नका. आम्लाशी मिसळल्यावर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. या दोन कचऱ्यांची भांडी वेगळी ठेवा आणि दोन्हींवर नाव लिहा.